अशी भीती वाटते की...

एखादी गोष्ट होणार म्हणजे होणारच, असं उभ्या आयुष्यात एकदाही न म्हणालेला माणूस मी अख्ख्या रत्नागिरीत एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे इंग्रजीचे सर. उद्या सूर्य उगवेल यावरसुद्धा त्यांचा पुरता विश्वास नसावा. भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, काखेत छत्री मारून ते बाजारात निघत आणि कुणी हसलंच तर म्हणत, "पडू शकेल." लग्नात सगळा मांडव वधूवरांना सुखी भव म्हणून मोकळा होई. सर मात्र नवऱ्यामुलाच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर विचार करत आणि म्हणत, "तुमचा संसार सुखाचा व्हायला हरकत नसावी." अशाच एका लग्नातला मुलीचा बाप पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. एकदा एसटीत बसलेल्या एका म्हातारीने त्यांना सहज विचारलं, "ही गाडी हातखंब्याला थांबंल ना ओ?" सर म्हणाले, "आजवर थांबत आलेली आहे. आजही थांबण्याची शक्यता आहे. पण खात्री मी कशी देऊ?" म्हातारी गाठोडं घेऊन खाली उतरली. गाडी हातखंब्याला थांबली, दहा मिनिटं थांबली, ड्रायव्हरने चहासुद्धा प्यायला, पण सरांना काही त्याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, "गाडी थांबणार नाही असं मी कुठे म्हटलं होतं?"

ऐंशी सालानंतर मी गाडीतळाजवळ टायपिंगचा क्लास काढला आणि सरांच्या तावडीत सापडलो. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते गावोगावच्या लोकांना इंग्रजी अर्ज फुकट लिहून द्यायचे, आणि ते टाइप करायचं काम माझ्या गळ्यात आलं. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला खाकी पाकीट घेऊन सर हजर. अर्जात 'अशी भीती वाटते की' हे शब्द आले, की त्यांचा चेहरा खुलायचा. कारण त्या 'की'च्या पुढे त्यांचं राज्य सुरू व्हायचं. पुढे 'विल' घालायचं, 'मे' घालायचं की 'माइट' घालायचं, यावर ते पाऊण तास घालवत. माझ्या मशीनवरची रिबन सुकून जायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, काहीही घाला हो, वाचणाऱ्याला काय फरक पडतो?" त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "तुमची आंब्याची कलमं आहेत ना? मग तुला समजेल. माइट म्हणजे मोहोर. मे म्हणजे कैरी. आणि विल म्हणजे पेटीत भरलेला आंबा. मोहोर दाखवून आंब्याची पेटी म्हणून विकलीस, तर त्याला काय म्हणतात?" मी म्हटलं, "धंदा म्हणतात." त्या दिवशी त्यांनी माझा चहा घेतला नाही. 'लेस्ट' आणि 'शुड' अशी आणखी एक जोडी त्यांच्याकडे होती, पण ती फक्त कलेक्टरसाठी राखून ठेवलेली होती. साध्या मामलेदारासाठी ती ते कधी वापरत नसत.

सरांच्या घरामागे एका सरकारी आवारातला माड होता. तो त्यांच्या कौलांवर झुकायला लागला. दुसरा कुणी असता तर त्याने 'माड पडतोय, तोडा' म्हणून बोंब ठोकली असती. सरांनी पहिल्या अर्जात लिहिलं, की माड पडण्याची पुसटशी भीती वाटते. माइट. कचेरीतून उत्तर आलं, की भीती पुसट असल्याने कार्यवाहीची गरज दिसत नाही. पुढच्या वर्षी माड आणखी वाकला, तेव्हा सर खुंटीवरून दोरी घेऊन वाकलेपण मोजून आले आणि 'मे'वर चढले. त्यावर 'पाहणी करण्यात येईल' असं उत्तर आलं. तिसऱ्या वर्षी भर दुपारी माड कौलं फोडून थेट स्वयंपाकघरात आला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, नशिबाने विहिरीवर होत्या. धावत येऊन बघतात तर सर ढिगाऱ्याशेजारी पाट टाकून अर्ज लिहायला बसलेले. "पडला की हो!" असं काकू ओरडल्या. सर आनंदाने म्हणाले, "अगं, आता 'वुड' लिहिता येईल. 'पडेल अशी भीती वाटत होती.' तीन वर्षं या वाक्याची वाट पाहतोय मी." काकूंनी त्या संध्याकाळी मागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडली आणि त्यांना पहिली भाकरी करपलेली वाढली.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या जिल्ह्यातले निम्मे पुरुष मुंबईत नाहीतर बोटीवर. त्यांना रजा मिळत नाही, आणि शिमग्याला पालखी तर नाचवायची असते. मग तार जाते, 'आई सीरियस, ताबडतोब निघ.' फाल्गुन महिन्यात आमच्याकडच्या जेवढ्या आया अत्यवस्थ होतात, तेवढ्या साऱ्या वर्षात होत नाहीत, आणि पालखी देवळात परत गेली की सगळ्या खडखडीत बऱ्या होतात. यात कुणाला काही गैर वाटत नाही. सरांना वाटायचं. नाटे गावाहून एक कोळीण तीन एसट्या बदलून त्यांच्याकडे आली. मुलगा बोटीवर होता, त्याच्या रजेसाठी अर्ज हवा होता. ती म्हणाली, "लिवा सर, आवस मेली म्हणून." सर म्हणाले, "अहो बाई, तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात." "मग मरायला टेकली म्हणून लिवा. एवडा प्रवास केला, अर्दी तर मेलेलीच हाय मी!" सरांनी तिला तासभर प्रश्न विचारले. ताप येतो का, धाप लागते का, रात्री झोप कशी. शेवटी अर्जात लिहिलं, की वाढतं वय पाहता मातोश्रींची प्रकृती पुढेमागे बिघडण्याची शक्यता अगदीच नाकारता येत नाही. मी ते तिला मराठीत वाचून दाखवलं. तिने सरांकडे शिळं पापलेट बघावं तसं पाहिलं. मग ती उठली आणि स्टॅंडसमोरच्या दुसऱ्या लेखनिकाकडे गेली. तो एका चहात कुणाचीही आई मारून द्यायचा.

सरांकडे येणारे कमी झाले. पण एक गंमत झाली, आणि ती मला सुटीवर आलेल्या एका खलाशाने सांगितली. बोटींच्या कंपनीच्या मुंबईतल्या साहेबाकडे रत्नागिरीहून रजेचा अर्ज आला, की तो आधी खाली अर्ज लिहिणाऱ्याची सही बघायचा. सही सरांची नसली, तर अर्ज ढिगात जायचा. सही सरांची असली, तर तो 'की'च्या पुढचा शब्द वाचायचा. माइट असेल तर माणूस बोटीवरच राहायचा. मे असेल तर चौकशीची तार यायची. आणि विल? खलाशी हसून म्हणाला, "विल त्या साहेबाने अजून बगितलेलाच नाय."

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर काकूंच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर सरांचाच विद्यार्थी. तो मान खाली घालून बोलत होता, "महिना काढतील, फार तर दीड." सरांनी विचारलं, "हे तू मे म्हणतोस की विल?" डॉक्टरने मान वर केली. मग म्हणाला, "विल, सर."

त्यांचा एकुलता एक मुलगा, बाळ, तेव्हा त्याच कंपनीच्या बोटीवर होता, जाऊन दोनच महिने झाले होते. कंपनी मनात आणील तर मधल्याच एखाद्या बंदरात त्याला उतरवून विमानाने धाडू शकत होती, पण त्यासाठी साहेबाची खात्री पटायला हवी होती. काकूंना दुसरं काही नको होतं. मी भेटायला गेलो, तेव्हा त्या खाटेवरून सरांना विचारत होत्या, "बाळ येईल ना हो?" सर म्हणाले, "येऊ शकेल." काकू हसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस? बत्तीस वर्षं ऐकतेय हे. एकदा तरी येईल म्हणा की हो." सरांनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि ते माझ्याबरोबर बाहेर पडले.

संध्याकाळी पाचला सर खाकी पाकीट घेऊन क्लासात आले. अर्ज चार ओळींचा होता. तिसऱ्या ओळीत भीती होती आणि भीतीपुढे लिहिलं होतं, माइट. मी म्हटलं, "सर, डॉक्टर तर..." "मला ठाऊक आहे डॉक्टर काय म्हणाला ते." "या शब्दावर साहेब बाळला सोडायचा नाही, सर." सर खिडकीतून एसटी बघत उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "माझ्या हाताने नाही रे होत. मी लिहिलं, की ते झालंच ना." लोकांच्या आया एका शब्दाने वाचवणाऱ्या त्या माणसाचा मला त्या दिवशी राग आला, आणि असं भडभडून आलं की समोरची अक्षरं दिसेनात. मी दोन कार्बन घातले आणि टाइप करायला बसलो. इतक्या वर्षांत सरांच्या मजकुरातला एक स्वल्पविराम मी इकडचा तिकडे केला नव्हता. तिसऱ्या ओळीत मी विल टाइप केलं.

कागद काढून पुढे ठेवला. सरांना चुकीचं अक्षर दोन हातांवरून दिसायचं. त्यांची पेन्सिल पहिली ओळ उतरली, दुसरी उतरली, तिसऱ्या ओळीत थांबली. खाली रस्त्यावर कंडक्टर हातखंबा, हातखंबा म्हणून ओरडत होता. पेन्सिल पुढे सरकली. सरांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.

सहाव्या दिवशी तार आली. सर ती घेऊन तसेच घरात गेले, चप्पल काढायचंही भान राहिलं नाही. मी दारातच होतो. काकूंनी नुसते डोळे उघडले. सर म्हणाले, "येईल." काकूंना बहुधा ऐकू आलं नसावं, कारण त्या म्हणाल्या, "काय म्हणालात?" सर खाटेवर वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "बाळ येईल. रविवारी येईल." बाळ रविवारी आला. अकरा दिवस, शेवटपर्यंत, आईजवळ बसून राहिला.

पुढे बरीच वर्षं सर क्लासात यायचे, अर्ज कमी झाले तरी यायचे. छत्री होती, माइट होतं, माझ्याशी भांडण होतं. एकदा मी जुन्या फायली झटकत असताना त्या अर्जाची कार्बन कॉपी त्यांच्या हाती लागली. ती त्यांनी उजेडाकडे धरून वाचली आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीत तुझी चूक आहे."

"हो, सर."

सरांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून तळहाताने दाबली. "राहू दे," ते म्हणाले.