घर चुकलेली बाई

मंठ्यात आमच्या शेजारी एक बाई राहायची. तमाशाच्या फडात गाण्यात आणि सोंगं करण्यात तिची उमर गेल्ती. गल्लीतल्या प्रत्येकाची ती नक्कल करायची, माझीही. बोलता बोलता थांबायची, समोरच्याचं हसू ओसरलं की मगच पुढचं वाक्य टाकायची. माझ्या मुलीला गाणं तिनंच शिकवलं.

मुलीला बघायला पाहुणे आले. पोरगी गायली. मुलाचे वडील खूश झाले. "गळा बराबर तयार आहे. कुणाकडं शिकली?"

तेवढ्यात ती बाई पोरीसाठी साडी-नारळ घेऊन दारात आली. फडाचं नाव निघालं तर सोयरीक मोडेल, या भीतीनं मी खाली बघून म्हणालो, "रेडिओ ऐकून."

"आणि या कोण?"

मी चहाचे कप गोळा करू लागलो. तिनं डोक्यावर पदर घेतला. "घर चुकलं जी माझं. इथं नवीन हाये मी."

भांबावलेल्या बाईसारखं इतकं हुबेहूब म्हणाली की पाहुणे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "जमलं का पोरीचं, दादा?"

जमलं होतं. पत्रिका मी सगळ्या गल्लीत वाटल्या, तिचं एक दार सोडून.