मानेवर थांबलेला हात

करोनात मला आणि माझ्या नवऱ्याला भाईंदर पूर्वेच्या एका दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. मला ऑक्सिजनचा मास्क होता, त्याच्या घशात व्हेंटिलेटरची नळी. अंग पुसायला जवळच्या राई गावची एक आया यायची. तिचे फक्त डोळे दिसायचे. फडकं फिरवायच्या आधी ती तळहाताने सगळं अंग चाचपायची.

एका सकाळी तिचा हात नवऱ्याच्या सुजलेल्या मानेवर थांबला. "आजी, कातडीखाली करकरतंय. मिठागरात वाळल्या मिठावर पाय पडल्यावानी."

तिने डॉक्टरला सांगितलं. तो मोबाईलमध्ये बघतच म्हणाला, "मावशी, तुम्ही पुसायचं काम करा. डॉक्टर मी आहे."

"हायस ना? मंग हात लावून बघ," म्हणत तिने त्याचा हात धरून मानेवर ठेवला.

त्याने मोबाईल बाजूला टाकला. रोगाने पोखरलेलं फुफ्फुस मशीनच्या दाबाने फाटून हवा कातडीखाली शिरली होती. धावपळ करून छातीत नळी घातली, मशीनचा दाब कमी केला.

संध्याकाळी तोच डॉक्टर माझ्या मुलाला फोनवर सांगत होता, "आम्ही वेळेत ओळखलं."

मी मास्क काढून ओरडले, "आम्ही कोण रे?" पुढे खोकलाच आला.

"गप रहा आजी," आया म्हणाली. "मानूस जगला ना?"

जगला. पण तिथे डॉक्टरांच्या पोशाखावर पाठीमागे नावं लिहिलेली असायची, तिच्या पाठीवर नुसतं 'आया'. पंधरा दिवसांत मीही तिला नाव विचारलं नाही. डॉक्टरला शिव्या घालताना आता माझीच जीभ अडखळते.