आधी काय बुडतं?

पोर्तोतली परिषद संपली आणि परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस माझ्या हाती उरला. त्याची विभागणी मी आधीच केली होती: सकाळी नदीकाठचं जुनं शहर, दुपारी खरेदी, आणि या दोहोंच्या मध्ये, बाबांसाठी, एक जहाज क्षितिजाआड जाताना पाहायचं.

बाबांनी तालुक्यांच्या शाळांत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. पृथ्वी गोल असल्याचा पुरावा ते दर वर्षी एकाच पद्धतीने देत. पालथ्या माठावर जहाज म्हणून काडेपेटीतली काडी उभी धरायची, पलीकडे सरकवायची आणि विचारायचं, "आधी काय बुडतं?" आधी तळ, मग शीड, शेवटी डोलकाठीचं टोक. एकदा मागच्या बाकावरून प्रतिप्रश्न आला होता, "सर, तुम्ही सोता पाह्यलं का?" बाबांनी "नाही गा" म्हटलं आणि तास पुढे नेला. विदर्भाला समुद्र नाही. बदल्या आणि माझं शिक्षण यांत तो प्रवास राहूनच गेला. आता काचबिंदूने त्यांच्या नजरेच्या कडा खाल्ल्या आहेत. जे उरलं आहे ते नळीतून पाहिल्यासारखं, तेही धूसर. गेलेली नजर परत येत नाही, हे धंतोलीतल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी निघताना बाबा एवढंच म्हणाले, "माझ्यासाठी काही आणू नको. फक्त पाहून ये. अन् पुस्तकातलं सांगू नको मले, दिसलेलं सांग."

आईची मागणी अधिक व्यवहारी होती. बुचाच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या पर्सा तिथे मिळतात, हे तिला नागपुरात, हुडकेश्वरच्या घरी बसून माझ्याआधी कळलं होतं.

सकाळी उतरत्या गल्ल्यांतून नदीवर गेले. निळ्या फरशांनी मढवलेल्या भिंती, सज्ज्यांमध्ये वाळणारे कपडे, एकेकाळी दारूची पिंपं वाहणाऱ्या आणि आता प्रवासी मिरवणाऱ्या होड्या. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात पितळी दुर्बिणी मांडल्या होत्या. दुकानदार बाईंनी सर्वांत चकचकीत दुर्बीण पुढे केली. मी तीन घेऊन दाराशी आले आणि नदीपलीकडच्या गोदामावरच्या अक्षरांवर एकेक रोखली. दोन्हींतून अक्षरांना रंगीत किनार येत होती. तिसरीतून अक्षरं स्वच्छ होती.

"हिला पोचा आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "शोभेला बरी दिसणार नाही."

"मला हिच्याकडे नाही, हिच्यातून पाहायचं आहे," मी म्हणाले. त्या मोठ्याने हसल्या आणि दुर्बीण वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

मग मी चर्चच्या उंच मनोऱ्यावर चढले. हा मनोरा पूर्वी खलाशांना दुरून खूण म्हणून उपयोगी पडे. तेव्हा समुद्र पाहायलाही तोच योग्य, असं मी गृहीत धरलं. आम्हा कोरड्या मुलखातल्या माणसांची ही रीतच आहे. लांबचं पाहायचं तर उंच जायचं. वरून लाल कौलांपलीकडे समुद्राची पट्टी दिसली, तिच्यावर एक मालवाहू जहाजही दिसलं. मी दुर्बीण रोखून उभी राहिले. जहाज लहान झालं, फिकट झालं आणि तळासकट, वर रचलेल्या मालाच्या डब्यांसकट, एकदमच धुक्यात विरून गेलं. काहीही आधी बुडालं नाही.

मनोऱ्यावरूनच घरी फोन लावला. पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"तू उभी कुठं होती?" बाबांनी विचारलं.

"मनोऱ्यावर. शहरातल्या सगळ्यांत उंच."

"वर काहून चढली वं? वर गेलं का क्षितिज दूर जाते. जहाज तिथवर पोचायच्या आधीच धुकं त्याले खाऊन टाकते. पीएचडी करून राहिली ना तू?"

मागून आईचा आवाज आला, "पोरीले रागावता कायले? पर्सा घेतल्या का, ते विचारा!"

"खाली जा," बाबा म्हणाले. "पाण्याशी. डोळा जितका खाली, तितकं बरं."

दुकानं बंद होण्याआधी समुद्रावर जाऊन परत येणं शक्य नव्हतं. दोहोंपैकी एक निवडायचं होतं. मी मेट्रोने बंदराजवळच्या वाळूवर गेले.

जहाज निघायला बराच वेळ लागला. मी ओल्या वाळूवर पालथी पडले, कोपरं रोवली आणि दुर्बीण स्थिर केली. मागे चेंडू खेळणारी मुलं माझ्याकडे पाहून खिदळत होती. नागपुरात जेवणं आटोपली असावीत. फोन शेजारी वाळूत, चालू.

"बोल," बाबा म्हणाले.

"तळाशी लाल पट्टा आहे. स्पष्ट दिसतोय." बऱ्याच वेळाने, "पट्टा अरुंद झाला." आणखी काही वेळाने, "पट्टा गेला, बाबा. पाण्याची रेघ आता थेट डब्यांना लागली आहे."

"डबे लहान झाले म्हणून, का कापले गेले म्हणून?"

"कापले गेले. वरची रांग पूर्ण आहे, खालची नाही."

डबे गेले. पांढरा मजला गेला. धुराडं आणि एक बारीक काठी पाण्यातून वर आल्यासारखी उभी राहिली. मग धुराडं नाही. मग काठीही नाही.

"संपलं," मी म्हणाले. माझी कोपरं बधिर झाली होती. "आधी तळच बुडाला."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई काही विचारत होती, बाबांनी तिला थांबवलं. त्यांनी घसा साफ केला. आवाज वर्गातला होता.

"एक निरीक्षण झालं. एकावर भागत नाही. एखादं येऊन राहिलं का?"

मी दुर्बिणीवरची वाळू पुसली आणि पाण्याची रेघ डावीकडून उजवीकडे तपासू लागले. उत्तरेला रेघेवर एक काळी काठी उभी होती, खाली काहीच नसलेली.

"येतंय," मी म्हणाले.

"मग उठू नको," बाबा म्हणाले. "आधी काय वर येते, ते सांग."