वफ्र्याच्या पिकअपला थंडीचे टायर

दाऊदचाचांचं नाव आधी लिहितो. पुढचं वाचून तुम्ही माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरवा, पण त्यांचं नाव आधी यायला पाहिजे.

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. कुवेतला आलो तो साफसफाईच्या एका कंपनीच्या व्हिसावर, आणि आल्यावर कळलं की काम नाहीच. चार महिने फरवानियात एका खोलीत नऊ जणांत पडून होतो. एकदा कोपऱ्यावरच्या बकाल्यात — म्हणजे किराणा दुकानात — आईशी फोनवर बोलत होतो, तर मागून एक माणूस म्हणाला, "दापोलीचा काय रे तू?" पांढरी दाढी, बनियनवर शर्ट उघडा, हातात काकडीची पेटी. ते दाऊदचाचा. आमच्या गावाच्या खाडीपलीकडचे. कुवेतच्या दक्षिणेला, वफ्र्याच्या एका मळ्यावर ड्रायव्हर होते, तिथली भाजी रोज सकाळी पिकअपमधून फरवानियाच्या दुकानांना आणि सलव्याच्या काही घरांना पोचवायचे. त्यांनी मला टायरच्या दुकानात लावलं. कफील — म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो तो मालक — बदलायच्या कागदांसाठी स्वतःची सुट्टी घालवून तीन दिवस माझ्यासोबत रांगेत उभे राहिले. मला अरबी येत नव्हतं, सही करतानाही हात कापत होता. ते म्हणाले, "कापूं दे. सही झाली म्हंजे झाली."

हे मी सगळ्यांना सांगतो. पुढचं कधीच कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, खोलीतल्या कुणाला नाही. आज का लिहितोय, तेही मला नीट माहीत नाही.

मागच्या आठवड्यात सलव्याहून एक पुण्याचे गृहस्थ आले होते. बँकेत असतात. मोबाइलवर त्यांनी मला थंडीचे टायर दाखवले, कुठून तरी स्वस्तात मिळत होते. म्हणाले, "रोजच्या ऑफिसला जायला टाकू का हो? पावसात ग्रिप चांगली असते म्हणतात." मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. हा बर्फाच्या मुलखातला माल आहे, साहेब. कडक थंडीत साधं रबर लाकडासारखं होतं, तेव्हा हे मऊ राहतं, म्हणून तिकडे त्याचा उपयोग. इथे बर्फ कुठला? इथल्या जानेवारीतही दुपारी रस्ता तापतो. उन्हाळ्यात तर हे रबर किसल्यासारखं झिजतं, ब्रेक उशिरा लागतो, आणि वर वजन असेल तर टायर आतून तापून फुटतो. पावसाचे इनमीन चार दिवस — त्यासाठी चांगल्या खाचांचे साधे टायर घ्या, तारीख बघून घ्या, आणि हळू चालवा. ते म्हणाले, "तुम्ही फार प्रामाणिक आहात. दुसऱ्या कुणी विकले असते."

दुसऱ्या कुणी. मी हसलो असेन बहुतेक. मग ते गेले आणि मी पुढच्या गाडीखाली जॅक लावला.

मला काही वाटलं का? लोक म्हणतात मन खातं. माझं खात नाही. टायरवाल्याच्या तळहाताला काही वर्षांनी उन्हातला गरम टायर भाजत नाही, कातडी मेलेली असते — तसं काहीतरी आहे. कळतं की गरम आहे. एवढंच कळतं.

तर ते टायर. मी दुकानात लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या मुदीरने — मॅनेजरला इथे सगळे मुदीर म्हणतात — कुठल्या तरी थंड देशातला उरलेला माल उचलला. बाजूला डोंगराचं आणि बर्फाच्या फुलाचं चित्र. आमचे फोरमन बाबूभाई, केरळचे, त्यांनी मला बोलावून त्या टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवून दाखवलं. "देखो, कितना नरम. ये ठंडा मुलुक का रबर है. मई-जून में इधर रोना पड़ेगा." मी विचारलं, मग विकायचे कसे? ते म्हणाले, "मुदीर को पूछो. मैं तो नट कसता हूँ."

मुदीरने नाव देऊन टाकलं होतं. बारिशवाला टायर. इथे पाऊस आला की लोक घाबरतात. वर्षभराचं तेल आणि धूळ रस्त्यावर साचलेली असते, दोन सरी पडल्या की गाड्या साबणावरून गेल्यासारख्या सरकतात. नोव्हेंबर लागला की गिऱ्हाईक येऊन विचारतं, पावसासाठी काही आहे का. मुदीरचं म्हणणं एकच — गर्मी के पहले सब निकालो.

मी काढले. पंधरा-वीस गाड्यांना तरी मीच बसवले असतील. ते चेहरे मला आठवत नाहीत. तीही चूकच, पण मी तिच्याबद्दल लिहीत नाहीये.

डिसेंबरात दाऊदचाचा पिकअप घेऊन आले. आदल्या पावसात एका चौकात त्यांची गाडी घसरून पूर्ण उलट्या दिशेला फिरली होती. कुणाला लागलं नव्हतं, पण ते हादरले होते. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. मळ्याच्या सुपरवायझरने सांगितलं होतं, तुला पाहिजे ते टायर टाक, तू जाणकार आहेस. आणि चाचा माझ्याकडे आले. का? तर मी जाणकार म्हणून.

त्यांनी टायरवर हात फिरवला. "बाला, मना काय कळत नाय ह्यातला. तू सांग. रोजच्या गाडीला चालतील काय? माझी गाडी भरलेली असते."

मुदीर काचेच्या आत बसला होता. पाठमोरा होता — हे मी मुद्दाम लिहितो. त्याला मराठी येत नव्हतं. मी हळू आवाजात "नको चाचा, ते दुसरे घ्या" म्हटलं असतं, तर त्याला कळलंही नसतं. दुसरे टायर त्याच रॅकवर होते, हात लांब केला की लागतील एवढ्यावर. मी म्हणालो, "चालतील की. पावसासाठी एकदम मस्त."

असं का बोललो? मी खूपदा शोधलं. भीती म्हणावी, तर कुणाची? सवय झाली होती बहुधा. सकाळपासून तेच वाक्य चार जणांना बोललो होतो, ते पाचव्यांदा आपोआप बाहेर आलं. आणि मनात म्हटलं, मार्च लागला की सांगू, चाचा आता बदला. थंडीत तर चालतात.

थंडीत चाललेही. जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला आणि चाचांनी फोन करून सांगितलं, गाडी जरा पण हलली नाही. मळ्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हरांना ते सांगायचे, आमचा दापोलीचा पोरगा आहे, टायरमधला मास्टर. दुकानात येताना माझ्यासाठी वांगी आणि मुळ्याची जुडी घेऊन यायचे. मी ती घ्यायचो. मला आवडायचं ते.

मग मार्च आला. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तेव्हाही माहीत होतं? मास्टरला माहीत होतं? मी एप्रिलवर टाकलं. एप्रिलमध्ये चाचा हवा भरायला आले, तेव्हा मी खाली वाकून मागचे टायर बघितले. कडांना रबराच्या बारीक वळ्या निघायला लागल्या होत्या, खोडरबर घासल्यावर निघतात तशा. मी सरळ उभा राहिलो. चाचांनी विचारलं, "ठीक हाय मां?" मी मान हलवली. हो म्हणून.

मे महिन्यात, दुपारी एकच्या सुमाराला, वफ्र्याच्या रस्त्यावर मागच्या डाव्या टायरचा वरचा थर सालीसारखा सोलून निघाला. पिकअप रस्ता सोडून वाळूत गेली आणि आडवी झाली. चाचांचं डावं मनगट मोडलं, दोन बरगड्यांना तडे गेले. दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. टोमॅटो सगळा वाळूत.

तुम्हाला वाटेल, हीच माझी कबुली. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं, म्हणजे मी मनातल्या मनात इथपर्यंत यायचो आणि थांबायचो. पण अजून आहे.

चार दिवसांनी मळ्याचा सुपरवायझर तो फाटलेला टायर घेऊन आमच्या दुकानात आला. मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, वाईट नव्हता. सोबत चाचा, हात गळ्यात बांधलेला. मालकाने त्याला विचारून यायला सांगितलं होतं. त्याने टायर जमिनीवर टाकला आणि इथे सगळे बोलतात त्या मोडक्या भाषेत मला विचारलं, "मुश्किला तायर, वल्ला मुश्किला ड्रायव्हर?" दोष टायरचा की ड्रायव्हरचा?

सगळे होते. मुदीर काचेच्या बाहेर आला होता. बाबूभाई हातात पाना घेऊन उभे. मी खाली बसलो आणि टायर फिरवून बघितला, खरोखर तपासतोय असा. बर्फाच्या फुलाचं चित्र शाबूत होतं. ते मी खालच्या बाजूला केलं.

आता ऐका. दाऊदचाचा रोज पहाटे गाडी काढायच्या आधी चारही चाकांची हवा मोजायचे. मोजायचं यंत्र मीच दिलेलं, आकडा कसा वाचायचा ते मीच शिकवलेलं. एकही दिवस चुकवायचे नाहीत. पेट्याही मोजून घ्यायचे, गाडीवर कधी जास्त चढवू द्यायचे नाहीत, त्यावरून मळ्यावरची मुलं त्यांना चिडवायची. हे सगळं मला माहीत होतं, दुसऱ्या कुणापेक्षा जास्त.

मी म्हणालो, "हवा कम था. लोड ज़्यादा. ड्रायव्हर ने चेक नहीं किया."

एवढी तीन वाक्यं. आवाज कापला नाही. सहीच्या वेळी कापत होता तो हातही टायरवर स्थिर होता.

बाबूभाई पाना पुसत आत गेले. मुदीरने खांदे उडवले. मी चाचांकडे बघितलं, कारण न बघणं दिसलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते आठवत होते. खरंच आठवत होते — त्या पहाटे हवा बघितली का, पेट्या मोजल्या का. मग हळूच म्हणाले, "असंल. त्या दिशी नसंल बघितली मी."

बघितली होती. माझ्यावर विश्वास होता म्हणून स्वतःच्या आठवणीवर ठेवला नाही.

बाहेर गाडीपाशी त्यांनी चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवला. "खरा बोललास ता बरा केलास. उद्या माझ्या हातून कोण मेला असता तर?" मी "सांभाळून जा" म्हणालो. मग आत येऊन चहा प्यायलो. चहा प्यायल्याचं मला आठवतं, कारण तो प्यायला गेला याचं मला नवल वाटलं होतं.

इथे इकाम्यावर — राहण्याच्या परवान्यावर — ड्रायव्हर लिहिलेलं असेल तरच आपल्यासारख्याला लायसन असतं. मळ्याने त्यांचं काम बदललं, कागद बदलला, आणि लायसन जमा झालं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो उन्हाळा त्यांनी प्लास्टिकच्या छताखाली काकड्या भरण्यात काढला, एका हाताने. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला निघताना भाजी दिली. थंडी लागायच्या आधी ते कायमचे गावी गेले. विमानतळावर बॅग मीच उचलली.

आता ते खाडीपलीकडे घरी असतात. मुलाने टेम्पो घेतलाय. मुलगा म्हणतो, अब्बा, जवळच्या जवळ तरी चालवा, तुम्हाला आवडतं. ते स्टिअरिंगला हात लावत नाहीत. शुक्रवारी फोनवर मला सांगतात, "माझ्या हाताचा भरवसा नाय रं आता. इसरभोळा झालो मी. तुला तर म्हायतीच हाय." माझ्या आईची चौकशी करतात. मी उन्हात टोपी घालतो का, विचारतात.

मी फोन ठेवतो आणि कामाला लागतो. कधी वाटतं, रडू आलं असतं तर सोपं झालं असतं. येत नाही. मुदीर तीन वर्षांपूर्वी दुकान सोडून गेला, बाबूभाई केरळला परतले, त्यांची जागा मला मिळाली. आता मला घाबरवणारं कुणी नाही. तरी मी बोललो नाही. म्हणजे तेव्हाही कुणाला घाबरून गप्प होतो असं म्हणायला जागा उरत नाही.

माफी मागायची म्हटलं तर ते लगेच देतील. मला माहीत आहे ते. म्हणून मागणार नाही.

पण चाचांचं एक देणं माझ्याकडे आहे आणि ते पैशात फिटणारं नाही. तो मिसरी सुपरवायझर अजून त्याच मळ्यावर आहे. आधी त्याच्यापुढे जाऊन उभा राहीन आणि सांगीन, मुश्किला तायर. ड्रायव्हर नाही. मुश्किला मी. मग गावी जाईन, खाडी ओलांडून, आणि चाचांना त्यांच्या मुलासमोर सांगीन की त्या पहाटे तुम्ही हवा बघितली होती. पेट्या मोजल्या होत्या. तुम्ही काहीच विसरला नव्हता.

पुढच्या सुट्टीत म्हणून दोनदा ठरवलं आणि दोनदा गेलो नाही, त्यामुळे दिवस सांगत नाही. पण दाऊदचाचा, तुमचं हे देणं मी फेडणार आहे. तुमच्या तोंडावर, तुमच्या अंगणात, तुम्ही हयात असताना.