शिंप्याची मान

“मान दुखत नाही तो शिंपी कसला?” असं मास्तर म्हणाला होता, आणि इस्त्रीनं गरम केलेलं फडकं मानेवर टाकून दोन दिवस कॉलरी शिवत राहिला. अंगात ताप होता. उजेड टोचतो म्हणून त्यानं मशीनवरचा दिवाही विझवला. शेजारी काजं करत बसलेल्या थोरल्या बहिणीला तेच खटकलं. अंधारात दोरा ओवणाऱ्यांतला तो नव्हता.

“हनुवटी छातीला लाव बघू.”

“ताई, डोकं नको खाऊस.”

“लाव म्हणते ना!”

लागेना. मान लाकडासारखी झाली होती. मग तो ओकला, आणि बहिणीलाच विचारू लागला, “बाई, तुमचं माप कधी घेतलं होतं?”

शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्यानं त्याला उचलून रिक्षात घातलं. इस्पितळात शिरेतून औषध सुरू करताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आधीचा काही आजार?” घड्याळवाला खाटेला टेकून उभाच होता. कुणाला सांगणार नाही, हा भावाला दिलेला नि नऊ वर्षं पाळलेला शब्द ताईनं त्याच्यादेखत मोडला. “एचआयव्ही आहे. गोळ्या रोज घेतो, एकही चुकवत नाही.”

पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. ते नितळ असायला हवं होतं, गढूळ निघालं. मेंदूच्या आवरणाला जिवाणूंची लागण झाली होती.

“गोळ्या चालू असल्या तरी अशांना हा धोका जास्तच,” बाई म्हणाल्या. “सांगितलंत ते बरं केलंत. काय काय तपासायचं ते कळलं.”

चौथ्या दिवशी तो शुद्धीवर आला. ऐकू येत होतं, बोटं हलत होती. पण घड्याळवाल्याला कळलंय हे समजताच त्यानं भिंतीकडे तोंड केलं. आता गल्लीत माप घ्यायला कोण आपल्याला अंगाला हात लावू देणार? बहिणीशी तो दहा दिवस बोलला नाही.

घरी सोडायच्या सकाळी घड्याळवाला आला.

“मास्तर, माझी पॅन्ट तुझ्याकडे बिनबटणाची पडलीय. मरायचंच होतं तर बटणं तरी लावून मरायचं!”

“तू ते ऐकलंस ना?”

“ऐकलं. बहिरा आहे का मी? कंबर इंचभर वाढलीय, ते आधी बघ.” आणि दोन्ही हात वर करून तो समोर उभा राहिला.

टेप नव्हती. मास्तरनं वीत त्याच्या कमरेवरून फिरवली.

“दोन इंच. खोटं बोलू नकोस.”

दाराशी ताईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मास्तरनं तिच्या हातातली जड पिशवी ओढून स्वतःच्या खांद्याला अडकवली, आणि बाहेर पडला.