निकेलला लागलेला लसणाचा वास

हसा, पण सगळं ऐकून मग हसा. कारण ज्या फजितीबद्दल सांगतोय, तिचंच मला अकोल्यात बक्षीस मिळालंय.

मी अमरावतीला भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतो. काम काय, तर काचेच्या तुकड्यावर निकेलचा थर बसवायचा, इतका पातळ की काचेवर धूर धरल्यासारखा दिसावा. मग तो भट्टीत तापवून त्याचं चुंबकत्व उलट दिशेला फिरवायला किती जोर लागतो ते मोजायचं. माझे सगळे थर एकजात मवाळ. जरा ढकललं की फिरले.

आणि एका सोमवारी एक थर हटूनच बसला. दुप्पट जोर लावला तेव्हा कुठे वळला.

मी धावत मॅडमकडे. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक, चांदूर रेल्वे गावच्या. बोलणं एकदम थेट.

"काय बदललं तू?"

"भट्टीचं तापमान, मॅडम. वाढवलं होतं मी."

वाढवलं होतं की आपोआप वाढलं होतं, कुणाला ठाऊक? पण शोध लागल्यावर माणूस नम्र कशाला राहील?

मॅडमनी अकोल्याच्या परिषदेला माझं नाव धाडलं. बाबांनी आमच्या गावी, चांदूर बाजारला, घरोघर सांगितलं, पोरानं नवा लोहचुंबक काढला.

मग त्याच तापमानाला दुसरा थर केला. मवाळ. तिसरा केला, तोही मवाळ. इकडे परिषद तोंडावर आलेली.

शेवटी मॅडम स्वतः प्रयोगशाळेत आल्या. "तो हट्टी थर ठेवला कुठं होता?"

मी काचेचं हवाबंद भांडं दाखवलं. दमट हवेनं थर खराब होऊ नये म्हणून त्यात ठेवतात. मॅडमनी झाकण सरकवलं आणि एक पाऊल मागे सरकल्या.

"काय रे, लसनाचा वास कावून येऊन राहिला?"

आता काय लपवणार? आईनं पाठवलेली लसणाची चटणी होस्टेलवर मित्र संध्याकाळपर्यंत फस्त करतात. म्हणून या खेपेला डबी मी त्या भांड्यात दडवली होती. आतून कोरडं, झाकण घट्ट, शोधायला कोणी येत नाही. हट्टी थर तिच्या शेजारी आठवडाभर पडून होता. नंतरचे मी घाईत थेट मोजायला नेले होते.

मला वाटलं, गेली पीएच.डी. मॅडम मात्र खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अरे, लसनात गंधक असते. ते जाऊन बसलं निकेलवर. येवढ्या पातळ थरात आतला धातू तो किती, सारा पृष्ठभागच. वर जे बसन, ते चुंबकत्व बदलवते. तुह्या भट्टीनं काईच नाई केलं."

"मग परिषद?"

"जायचं. पन भट्टीचं नाव नाई काढायचं."

नवा थर चटणीजवळ ठेवला, हट्टी झाला. चटणीऐवजी बाटलीतलं गंधकाचं रसायन ठेवलं, तरी हट्टी. काहीच न ठेवता मोजला, मवाळ. तो आलेख पाहून मी प्रयोगशाळेतच नाचलो.

अकोल्यात मी सगळं सांगितलं, चटणीसकट. सभागृह आधी हसलं, मग प्रश्नांवर प्रश्न आले, आणि पहिलं बक्षीस मला.

जेवणाच्या वेळी मुख्य परीक्षक, पांढऱ्या केसांचे मोठे प्राध्यापक, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेऊन गेले. मी शर्ट नीट केला. नोकरीचंच विचारणार, दुसरं काय?

"तुमच्या आईले जरा फोन लावून देता का?" ते हळूच म्हणाले. "लसन कच्चा कुटते का भाजून, येवढंच इचारायचं होतं."