दिवसाउजेडी गोष्ट

भरदुपारी मुलुंडच्या हॉस्पिटलात आम्ही ऑपरेशन थिएटरबाहेर बसलो होतो. बाबा आत होते, आई माझा हात सोडत नव्हती. समोर पन्नाशीचा एक माणूस लहान मुलांचं पुस्तक वाचत होता. मला रागच आला. इथे कसल्या गोष्टी सुचतात याला?

नखांत मशीनचं काळं तेल, प्रत्येक ओळीखाली बोट. थिएटरचं दार वाजलं की ते बोट जागीच थांबायचं.

मी बघतोय म्हणून तो म्हणाला, "भाचीचं आहे. आत नेताना म्हणाली, मामा, तू लहानपणी हे वाचलंच नाहीस? मी बाहेर येईपर्यंत संपव. तुम्ही वाचलं असेल ना? जंगलात हरवलेलं पोर घरी पोचतं का?"

मी तोंड उघडलं, तर त्याने घाईने हात आडवा केला. "नको, सांगू नका." आणि मोठ्याने वाचू लागला.

आईला राहवलं नाही. "अहो, दिवसा गोष्ट सांगू नये. मामा वाट चुकतो म्हणतात."

"चुकू दे की, काकी," तो पान उलटत म्हणाला. "पोरगी घरी आली पाहिजे."

आणि त्याने आवाज आणखी चढवला.